‘सोंग’ या एका शब्दाचा प्रवास : साउथ हेडलंड येथील मिस धू प्रकरण

शनिवार, २ ऑगस्ट २०१४ रोजी सायंकाळी पश्चिम ऑस्ट्रेलियातील साउथ हेडलंड येथे पोलीस एका घरी पोहोचले. घरातील पुरुषाने हिंसाप्रतिबंधक आदेशाचा भंग केल्याची तक्रार आली होती. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. त्याच वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या तरुणीच्या नावावरही वॉरंट असल्याचे आढळले. तिने न्यायालयाने केलेले काही दंड भरलेले नव्हते, त्यांची एकूण रक्कम ३,६२२ डॉलर होती आणि त्यापोटी चार दिवसांची कैद तिच्या नावावर लागलेली होती. तिलाही अटक झाली. सोमवारी, ४ ऑगस्टला, दुपारी १ वाजून ३९ मिनिटांनी तिथल्या रुग्णालयात तिला मृत घोषित करण्यात आले. तिचे वय २२ होते, आणि चार दिवसांपैकी दोन दिवसही पुरते भरले नव्हते.

सार्वजनिक कागदपत्रांत या तरुणीचा उल्लेख ‘मिस धू’ एवढाच येतो. मृत व्यक्तीचे पहिले नाव उच्चारू नये, अशी रीत ऑस्ट्रेलियातील अनेक आदिवासी समाजांत आहे आणि कुटुंबाच्या इच्छेनुसार चौकशीत व वृत्तपत्रांतही ती पाळली गेली. येथेही ती पाळली आहे. त्या यमाजी समाजाच्या होत्या आणि गेराल्डटन या किनारपट्टीवरील गावी आजीच्या घरी वाढल्या होत्या. शब्दाविषयीही एक खुलासा करायला हवा. ‘ॲबोरिजिनल’साठी मराठीत ‘मूलनिवासी’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, पण महाराष्ट्रात त्या शब्दाला एका वेगळ्या राजकीय चळवळीचा संदर्भ आहे. म्हणून या लेखात ‘आदिवासी’ हाच शब्द वापरला आहे, जरी गोंड किंवा वारली समाजाचा इतिहास आणि यमाजींचा इतिहास एकाच मापाने मोजता येत नसला तरी.

न्यायव्यवस्थेतील वंशभेद आणि लिंगभेद यांचा विषय निघाला की आपण बहुधा शिवी, मारहाण किंवा उघडपणे अन्याय्य निकाल शोधू लागतो. या प्रकरणात तसा निकालच नाही. मिस धू कोणत्याही न्यायाधीशासमोर उभ्या राहिल्या नाहीत, त्यांच्यावर खटला चालू नव्हता आणि त्यांना कोणी गोळी घातली नाही. त्यांच्याविषयी एक मत तयार झाले होते, ते असे की ही बाई दुखण्याचे सोंग करते आहे. हे मत ठाण्यातून रुग्णालयात गेले, तिथून कागदावर उतरून ठाण्यात परत आले, आणि प्रत्येक फेरीत ते अधिक पक्के होत गेले. या मताचा माग काढणे हाच या लेखाचा विषय आहे.

पंचेचाळीस तास

साउथ हेडलंड हे पोर्ट हेडलंड या बंदराचे जुळे गाव असून ते पर्थपासून रस्त्याने सुमारे १,६०० किलोमीटर उत्तरेला आहे. पिलबारा प्रदेशातील लोहखनिज या बंदरातून जगभर जाते. खाणीतला पैसा आणि आदिवासी वस्त्यांतली गरिबी तिथे एकमेकांना खेटून राहतात. दूरच्या भागांत अल्प मुदतीची कैद पोलीस ठाण्याच्या कोठडीतच भोगायला लावत असत, आणि तशी ती मिस धू यांनाही लावली गेली.

अटक झाली त्या दिवशी रात्रीच त्यांनी बरगडीत तीव्र वेदना होत असल्याचे सांगितले. काही महिन्यांपूर्वी जोडीदाराच्या मारहाणीत त्यांची बरगडी मोडली होती. पोलिसांनी त्यांना हेडलंडच्या सरकारी रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी जी नोंद केली तिचा मथितार्थ असा होता की रुग्ण वागणुकीतून काही लाभ मिळवू पाहते आहे. वेदनाशामक औषधे देऊन, त्या कोठडीत ठेवण्यास योग्य आहेत, असा शेरा मारून त्यांना परत पाठवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्या पुन्हा विव्हळू लागल्या आणि सायंकाळी त्यांना पुन्हा त्याच रुग्णालयात नेण्यात आले. या वेळी डॉक्टर वेगळे होते, पण आदल्या दिवशीचा कागद समोर होता. अमली पदार्थांच्या वापराची माहितीही होती. निदान झाले ते स्नायूंचे व हाडांचे दुखणे, अमली पदार्थ सुटल्याचा संभाव्य त्रास आणि वर्तनविषयक समस्या असे. छातीचा एक्स-रे काढला गेला नाही. अंगाचे तापमानही मोजले गेले नाही. जंतुसंसर्गाची शंका घेण्यासाठी वैद्यकशास्त्रात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुने साधन म्हणजे थर्मामीटर, आणि घरी मूल किरकिरले तरी आई आधी हात लावते तो कपाळालाच. कोठडीस योग्य असल्याचा शेरा दुसऱ्यांदा मिळाला.

सोमवारची सकाळ कॅमेऱ्याने टिपली आहे. मिस धू यांना धड उठून बसता येत नव्हते. एका महिला पोलीस कर्मचाऱ्याने त्यांचे मनगट धरून त्यांना ओढून बसते केले आणि हात सोडला, तेव्हा त्या मागे कोसळल्या आणि त्यांचे डोके जमिनीवर आपटले. आपल्याला पाय जाणवत नाहीत, असे त्या सांगत होत्या. ठाण्याचा प्रभारी सार्जंट त्या सोंग करत आहेत याच समजुतीवर ठाम होता, हे पुढे चौकशीत त्याच्या सहकाऱ्यांच्याच साक्षींतून पुढे आले. दुपारी त्यांच्या हातांत बेड्या घातल्या गेल्या, त्यांना कोठडीतून ओढत बाहेर काढण्यात आले आणि हातपाय धरून, एखादे ओझे उचलावे तसे, पोलीस गाडीच्या मागच्या भागात ठेवण्यात आले. रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावरही सोबतच्या पोलिसांनी तेथील परिचारिकेला ती सोंग करत असल्याचेच सांगितले. मिस धू तेव्हा चाकांच्या खुर्चीत होत्या आणि त्यांची नाडी लागत नव्हती. त्यांना हृदयक्रिया पूर्ववत करण्याचे उपचार दिले गेले, पण त्यांचा उपयोग झाला नाही.

मृत्यूचे कारण पुढे निश्चित झाले. मोडलेल्या बरगडीच्या जागी हाडाला जंतुसंसर्ग झाला होता, तो रक्तात पसरला होता आणि त्याला न्यूमोनियाची जोड मिळाली होती. ज्या हिंसेविषयीच्या तक्रारीमुळे पोलीस त्या घरी गेले, तशाच हिंसेची जुनी जखम त्या बाईच्या अंगात होती. कायद्याला मात्र तिच्याकडे पाहताना थकबाकी दिसली. हा या प्रकरणातील सगळ्यात बोचरा भाग आहे, आणि लिंगभेदाचा मुद्दा मला मुख्यतः इथेच दिसतो. हिंसेची झळ बसलेली व्यक्ती आणि हिंसा करणारी व्यक्ती एकाच संध्याकाळी एकाच ठाण्याच्या कोठड्यांत पोहोचल्या, आणि तिच्या अंगात आठवडेच्या आठवडे चाललेला संसर्ग कोणालाच दिसला नाही.

मत कागदावर कसे चढले

पोलिसांनी त्यांना रुग्णालयात नेलेच नाही, असे म्हणता येत नाही. तीन दिवसांत तीन वेळा नेले. डॉक्टरांनी तपासलेच नाही, असेही म्हणता येत नाही. कार्यपद्धतीच्या तक्त्यात बहुतेक चौकटींवर खुणा झालेल्या आहेत, आणि तरीही माणूस गेला. म्हणून खुणा झाल्या की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्या खुणा कोणाच्या सांगण्यावरून झाल्या, हे पाहावे लागते.

पहिल्या भेटीत डॉक्टरांपुढे जी रुग्ण आली ती पोलिसांच्या सोबतीने, कैदी म्हणून आली होती, आणि कैद्याला कोठडीबाहेर पडण्याचे निमित्त हवे असते हा समज तिच्या आधीच खोलीत शिरला होता. डॉक्टरांनी त्या समजाला वैद्यकीय भाषा दिली. ती भाषा ठाण्यात पोहोचताच तिचे रूप पालटले. एरवी पोलिसांचा तो अंदाज होता, आता तो डॉक्टरांचा निर्णय झाला. डॉक्टर म्हणतात तिला काही झालेले नाही, म्हणजे ती नाटक करते आहे. ती नाटक करते आहे, म्हणजे तिच्या कण्हण्याला पुरावा मानायचे कारण नाही. दुसऱ्या दिवशीच्या डॉक्टरांना मग दोन कागद मिळाले. एकावर पोलिसांचे मत होते, दुसऱ्यावर सहकाऱ्याचे, आणि दोन्ही एकच सांगत होते. दोन साक्षी जुळल्या की आपला विश्वास दुणावतो. पण इथे दुसरी साक्ष ही पहिलीचाच प्रतिध्वनी होती.

चौकशीत साक्ष देताना सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील एका प्राध्यापिकेने असे मत मांडले की, हीच रुग्ण गोरी आणि मध्यमवर्गीय असती तर तिच्या वेदनेचे कारण शोधण्यासाठी कितीतरी अधिक प्रयत्न झाला असता. हे विधान नीट वाचले पाहिजे. ते असे म्हणत नाही की डॉक्टरांच्या मनात द्वेष होता. ते प्रयत्नांविषयी आहे. एका रुग्णाच्या बाबतीत ‘आणखी काय असू शकेल?’ हा प्रश्न डॉक्टर चार वेळा विचारतो, दुसऱ्याच्या बाबतीत एकदाच विचारून थांबतो, आणि हा तीन प्रश्नांचा फरक कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

या शंकेला स्त्रीपणाचाही एक थर आहे. बाईची वेदना ‘मनाची’ किंवा ‘लक्ष वेधण्यासाठीची’ समजण्याची सवय दवाखान्यांत जुनी आहे आणि ती फक्त ऑस्ट्रेलियात आहे असे नाही. त्यात ती आदिवासी, त्यात अमली पदार्थांचा संशय, त्यात कैदी. यातला एकेक शिक्का सुटा पाहिला तर कदाचित पुसता आला असता. चारही एकाच अंगावर बसले तेव्हा त्यांच्याखालचा ताप कोणाला दिसला नाही.

दंडातून कोठडीकडे

मिस धू यांना ज्या गुन्ह्यांसाठी दंड झाला होता त्यांपैकी कोणत्याही गुन्ह्यासाठी न्यायालयाने तुरुंगवास योग्य मानला नव्हता. शिक्षा दंडाची होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९९४ च्या दंडवसुली कायद्याखाली न भरलेला दंड एका नोंदणी कार्यालयाकडे जाई. तेथून वाहन परवाना रोखणे, मालमत्ता जप्त करणे, समाजसेवेचे काम लावणे असे टप्पे होते, आणि ते सगळे निष्फळ ठरले की कैदेचे वॉरंट निघे. ते निघण्यासाठी आरोपीला पुन्हा न्यायाधीशासमोर आणण्याची गरज नव्हती. म्हणजे स्वातंत्र्य हिरावण्याचा निर्णय प्रत्यक्षात एका कार्यालयीन प्रक्रियेच्या शेवटच्या पायरीवर होत होता, आणि दंड न भरण्यामागे गरिबी आहे, घरातली हिंसा आहे की निव्वळ बेपर्वाई आहे, हे विचारणारे कोणीही त्या पायरीवर उभे नव्हते.

वरकरणी हा कायदा सगळ्यांना समान होता. पण जिच्याकडे पैसा नाही, गाडीचा परवाना नाही आणि सांभाळायला मुले आहेत, तिला दंडही भरता येत नाही आणि समाजसेवेच्या कामावर वेळेत पोहोचताही येत नाही. राज्यातील तुरुंग निरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात आढळले की दंड थकल्यामुळे तुरुंगात आलेल्या स्त्रियांपैकी ६४ टक्के आदिवासी होत्या. ऑस्ट्रेलियाच्या कायदा सुधारणा आयोगाने २०१७ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचे जे चित्र मांडले त्यात लोकसंख्येत दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असलेल्या आदिवासी व टोरेस सामुद्रधुनी बेटवासी समाजांतील स्त्रियांचे प्रमाण महिला कैद्यांमध्ये ३४ टक्के होते.

त्याच वर्षी पर्थमध्ये नूंगार या आदिवासी समाजातील एका मातेला कुत्र्याच्या नोंदणीशी संबंधित दंड थकल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, आणि पोलीस तिच्या घरी आले होते ते घरातील हिंसक प्रसंगामुळे. मिस धू यांच्या मृत्यूला तेव्हा तीन वर्षे झाली होती. अशा घटनांचा परिणाम आकडेवारीत उतरत नाही, कारण तो न केलेल्या दूरध्वनींच्या रूपाने होतो. आपल्या नावावर वॉरंट आहे हे ठाऊक असलेली बाई नवऱ्याच्या मारापासून वाचण्यासाठी पोलिसांना बोलावण्याआधी दहा वेळा विचार करते.

बेटांवरची रुग्णालये

पोलीस आणि दवाखाना यांची ही जोडी या किनाऱ्यावर २०१४ मध्ये पहिल्यांदाच जमली नव्हती. १९०८ ते १९१९ या काळात कार्नारव्हॉनच्या समुद्रातील बर्निअर आणि डोर या दोन बेटांवर गुप्तरोगाच्या संशयावरून आदिवासींना डांबून ठेवण्याची रुग्णालये चालवली गेली. सुरुवातीच्या व्यवस्थेत पुरुष बर्निअरवर आणि स्त्रिया डोरवर ठेवल्या जात. रुग्ण गोळा करण्याचे काम मुख्यतः पोलिसांचे होते, ओळख पटवण्याची पद्धत अत्यंत ढोबळ होती, आणि कित्येकांना साखळदंड घालून किनाऱ्यापर्यंत चालवत नेण्यात आले. १९१९ मध्ये ही बेटे बंद झाली आणि ही व्यवस्था हलवली गेली ती पोर्ट हेडलंडला.

या इतिहासाने २०१४ मधल्या कोणा परिचारिकेवर किंवा शिपायावर दोष ठेवता येणार नाही. त्यांपैकी कितीजणांना तो माहीत होता याचीही मला शंका आहे. पण ज्यांच्या पणज्यांना पोलिसांनी पकडून ‘रुग्ण’ ठरवले, त्या समाजाला पोलिसांबरोबर दवाखान्यात जाणे म्हणजे काय वाटत असेल, याचा अंदाज या इतिहासावाचून येणार नाही.

चौकशी आणि तिची चौकट

ऑस्ट्रेलियात कोठडीतील मृत्यूची चौकशी कॉरोनर, म्हणजे मृत्यूसमीक्षक, करतात. मुंबईतही हे पद १९९९ पर्यंत होते, त्यामुळे जुन्या वाचकांना ते अपरिचित नसेल. कॉरोनर मृत्यू कसा झाला आणि तो टाळता आला असता का हे ठरवतात. कोणाला दोषी ठरवून शिक्षा देण्याचा अधिकार त्यांना नसतो. मिस धू यांच्या मृत्यूची चौकशी राज्याच्या कॉरोनर रॉस फोग्लियानी यांच्यापुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाली आणि १६ डिसेंबर २०१६ रोजी निष्कर्ष जाहीर झाले. पोलिसांची वागणूक अव्यावसायिक आणि अमानवी होती, वैद्यकीय सेवा अपुरी होती, आणि दोन्हीकडच्या लोकांवर पूर्वग्रहांचा प्रभाव पडला होता, असे त्यांनी नोंदवले. वेळीच प्रतिजैविके मिळती तर जीव वाचू शकला असता, हेही त्यात आले. कोठडीतील चित्रफीत सार्वजनिक व्हावी यासाठी कुटुंबाने बराच काळ आग्रह धरला होता, आणि निष्कर्षांबरोबर तिचे काही भाग प्रसिद्ध झाले. बिनआवाजी अहवालात ‘त्यांना गाडीकडे नेण्यात आले’ असे जे वाक्य येते, ते प्रत्यक्षात कसे दिसत होते हे त्यानंतर देशाला कळले.

वंशभेदाविषयीचा निष्कर्ष मात्र सावध होता. आदिवासींविषयी गृहीतके बाळगणारे सामाजिक साचे अस्तित्वात आहेत हे कॉरोनरनी मान्य केले, परंतु पोलीस किंवा रुग्णालयातील कर्मचारी जाणीवपूर्वक वंशद्वेषाने वागले असे त्यांना आढळले नाही. कुटुंबाला हा निष्कर्ष पचला नाही. माझ्या मते त्यातली अडचण कॉरोनरच्या हेतूत नाही, प्रश्नाच्या मांडणीत आहे. ‘अमुक शिपायाने जाणूनबुजून भेद केला का?’ असे विचारले तर उत्तर बहुतेक वेळा नकारार्थीच येणार, कारण माणसाच्या मनात शिरून पाहण्याचे साधन कोणत्याही न्यायासनाकडे नसते. ‘तीन दिवसांत एवढ्या शिकलेल्या लोकांपैकी एकालाही ही बाई खरे बोलत असेल असे का वाटले नाही?’ असे विचारले तर चौकशीला एकेका व्यक्तीच्या पलीकडे जावेच लागते.

पुढे व्हिक्टोरिया राज्यात तशी वाट काढली गेली. योर्टा योर्टा समाजाच्या, ५५ वर्षांच्या टान्या डे डिसेंबर २०१७ मध्ये रेल्वेने मेलबर्नला निघाल्या असताना झोपलेल्या आढळल्या, नशेत असल्याच्या कारणावरून त्यांना कॅसलमेन स्थानकावर उतरवून कोठडीत टाकण्यात आले, तेथे पडून डोक्याला मार लागला आणि १७ दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या चौकशीत व्यवस्थेतील वंशभेद हा तपासाचाच भाग मानला गेला, आणि पोलिसांना बोलावण्याच्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या निर्णयावर त्या आदिवासी असण्याचा नकळत प्रभाव पडला होता, असा निष्कर्ष २०२० मध्ये निघाला. ‘नकळत’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. जाणीवपूर्वक द्वेष सिद्ध करण्याचे ओझे त्याने उतरवले. मात्र पोलीस अधिकाऱ्यांवर खटला भरण्यास अभियोजन संचालकांनी नकार दिला.

मराठी वाचकाला हे सारे वाचताना देसाईगंज आठवल्यावाचून राहणार नाही. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील त्या ठाण्यात एक आदिवासी मुलगी गेली ती तिच्या भावाने केलेल्या तक्रारीमुळे, म्हणजे तिच्या भल्यासाठी म्हणून केलेल्या तक्रारीमुळेच, आणि तिथे पोलिसांनी अत्याचार केल्याचा तिचा आरोप होता. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, आणि वैद्यकीय तपासणीतील एका शेऱ्यावरून तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे धरले गेले होते. दोन्ही प्रकरणांचे कायदे, काळ आणि गुन्हे वेगळे आहेत. साम्य आहे ते डॉक्टरच्या शेऱ्यात. एका ओळीचा तो शेरा बाईच्या तोंडच्या शब्दांपेक्षा वजनदार ठरला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने त्या वजनालाच हात घातला होता.

नंतर

मिस धू प्रकरणात कोणावरही फौजदारी खटला चालला नाही. पोलिसांच्या अंतर्गत चौकशीनंतर अकरा जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, पण ती ताकिदीच्या पलीकडे गेली नाही. राज्य सरकारने २०१७ मध्ये कुटुंबाची माफी मागितली आणि ११ लाख डॉलरची सानुग्रह रक्कम दिली.

दंडाच्या कायद्याबाबत जे झाले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कोठडीतील आदिवासींच्या मृत्यूंविषयी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या होत्या. त्याने तपासलेल्या ९९ मृत्यूंत पिलबारामधल्याच रोबर्न गावचा सोळा वर्षांचा जॉन पॅट होता. दंड थकला म्हणून आपोआप कैद लागू नये, ही शिफारस त्या ३३९ मध्ये स्पष्ट शब्दांत होती. म्हणजे मिस धू यांच्या जन्माच्या वर्षी ती लिहिली गेली, आणि त्यांच्या मृत्यूपर्यंत पश्चिम ऑस्ट्रेलियात ती अमलात आली नव्हती. आयोगाने तपासलेल्या ९९ जणांत स्त्रिया ११ होत्या, आणि आदिवासी स्त्रियांच्या वेगळ्या परिस्थितीला त्या अहवालात पुरेशी जागा मिळाली नाही, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे.

जानेवारी २०१९ मध्ये ‘सिस्टर्स इनसाइड’ या संघटनेच्या डेबी किलरॉय यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील आदिवासी मातांचे दंड भरण्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायला सुरुवात केली, आणि तिला लाखो डॉलर मिळाले. कायदा बदलेपर्यंत बायकांना तुरुंगाबाहेर ठेवायचे तर त्यांची थकबाकी सरळ भरून टाकायची, असा हा व्यवहारी हिशेब होता. अखेर २०२० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि दंडापोटी कैद ही केवळ शेवटचा उपाय म्हणून, तीही न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशानेच, देता येईल असे ठरले.

त्याआधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, कॉरोनरची दुसरी एक शिफारस अमलात आली. आदिवासी व्यक्तीला ताब्यात घेतले की पोलिसांनी आदिवासी विधी सेवेला दूरध्वनी करून तसे कळवायचे, आणि तिकडच्या माणसाने अटक झालेल्या व्यक्तीशी बोलायचे. या बोलण्यात कायद्याइतकीच प्रकृतीचीही विचारपूस असते: काही दुखते आहे का, कोणती औषधे चालू आहेत, घरी कोणाला कळवायचे आहे का. प्रश्न साधे आहेत, पण ते विचारणारा माणूस ठाण्याचा नसतो आणि रुग्णालयाचाही नसतो, आणि उत्तर देणाऱ्याविषयी त्याच्यापुढे आधीपासून कोणताही कागद पडलेला नसतो. न्यू साउथ वेल्समध्ये हा दूरध्वनी २००० सालापासून होत होता. साउथ हेडलंडच्या ठाण्यातून त्या शनिवारी रात्री तो कोणाला करायचा, याची पश्चिम ऑस्ट्रेलियात तेव्हा सोयच नव्हती.